जेट बोटीचे गंजलेले बूच : कारणे, सोडवणूक आणि पुनर्बांधणी

सह्याद्रीच्या अजिंठा रांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावणारी पैनगंगा किनवटजवळ पोहोचते तेव्हा ती मराठवाडा आणि विदर्भ यांची सीमारेषा झालेली असते. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात खडकांवरून पाय ठेवत ओलांडता येणारी ही नदी पावसाळ्यात सहस्रकुंडावरून कोसळू लागली की तिचे रूप ओळखू येत नाही. पात्र खडकाळ, पाणी कुठे उथळ तर कुठे अकस्मात खोल, आणि प्रवाहात वाहून येणारा झाडोरा अमाप. पाण्याखाली फिरणारा पंखा असलेल्या नौकेची अशा नदीत कसोटी लागते. जगभरात याच प्रकारच्या नद्यांसाठी जी नौका घडवली गेली, ती म्हणजे जेट बोट. या नौकेचे सामर्थ्य तिच्या पंपात असते. तो पंप तुंबला तर मोकळा करण्याची वाट मात्र एका साध्या बुचातून जाते. हे बूच गंजून जाम झाले की लाखो रुपयांची नौका किनाऱ्यावरच अडकून पडते.

पंख्याविना धावणारी नौका

जेट बोटीचा आजचा प्रकार न्यूझीलंडमध्ये आकाराला आला. दक्षिण बेटावरील मॅकेन्झी प्रदेशात आयरिशमन क्रीक नावाच्या मेंढपाळ मळ्यावर राहणारे अभियंते बिल हॅमिल्टन (१८९९-१९७८) यांना तेथील उथळ, गोट्यांनी भरलेल्या, अनेक फाट्यांत विभागलेल्या नद्यांतून वरच्या दिशेने जाणारी नौका हवी होती. नौकेखालून पाणी आत घेऊन ते पंपाने जोरात मागे फेकायचे, ही कल्पना जुनीच होती. पाण्याचा झोत पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडला तर वेग कितीतरी वाढतो, हे हॅमिल्टन यांनी १९५४च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत सिद्ध झाले. १९६०मध्ये त्यांच्या नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅनियनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेल्या.

भारतीय वाचकांना या नौकेची ओळख १९७७मध्ये झाली. एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनी त्या वर्षी तीन जेट बोटी घेऊन गंगासागरपासून गंगेच्या उगमाच्या दिशेने 'सागरातून आकाशाकडे' अशी मोहीम काढली. हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन हेही त्या मोहिमेत होते. नौका थेट नंदप्रयागपर्यंत चढल्या. तेथील धबधब्यापुढे त्यांची वाट खुंटली. आज भारतीय नौदलाच्या कार निकोबार वर्गातील गस्ती नौका आणि तटरक्षक दलाच्या अनेक इंटरसेप्टर नौका याच तत्त्वावर चालतात. गोव्यात आणि कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या जेट स्कीमध्येही हाच पंप छोट्या रूपात असतो.

पंपाची रचना समजायला सोपी आहे. नौकेच्या तळाला जाळी बसवलेले तोंड असते. तेथून पाणी एका बोगद्यात शिरते. बोगद्यातील फिरता चक्राकार पंखा, म्हणजे इम्पेलर, त्याला वेग देतो. पुढच्या स्थिर पात्यांमुळे पाण्याचा पीळ सरळ होतो आणि निमुळत्या नळीतून झोत मागे सुटतो. नळी डावी-उजवीकडे वळवली की नौका वळते आणि झोतासमोर वाटीसारखे झाकण आणले की ती मागे सरकते. वेगळे सुकाणू नसते. म्हणजेच झोत थांबला की नौकेची दिशाही हातातून सुटते. भरल्या नदीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगायला नको.

बुचाचे काम

पाणी ओढणारे तोंड पाण्याबरोबर येईल ते ओढते. जलपर्णी, कडब्याची पेंडकी, प्लास्टिकच्या पिशव्या, दोरखंड, कापडाच्या चिंध्या जाळीवर अडकतात वा जाळी पार करून इम्पेलरला गुंडाळल्या जातात. इंजिनाचे फेरे वाढतात, पण नौका जागची हलत नाही. अशा वेळी नौका पाण्याबाहेर न काढता कचरा हाताने काढता यावा म्हणून पंपाच्या वरच्या अंगाला, इम्पेलरच्या अलीकडे, एक उभी वाट ठेवलेली असते. तिचे तोंड बंद करते ते क्लीन-आऊट प्लग, म्हणजे सफाईचे बूच.

नदीतील मोठ्या नौकांत हे बहुधा आडव्या पट्टीने आणि फिरत्या मुठीने आवळलेले झाकण असते. दोन इंजिनांच्या सहलीच्या नौकांत मागच्या फळीवरील कप्प्याखाली दोन नळ्या असून त्यांत मूठ असलेली लांबट बुचे बसवलेली असतात. मूठ फिरवली वा दाबली की बाजूचे रबर दाबले जाऊन नळीला घट्ट चिकटते आणि खिळी खोबणीत अडकते. रचना कोणतीही असो, तीन गोष्टी समान असतात : ॲल्युमिनियमचा अथवा फायबरचा बाहेरील भाग, स्टेनलेस स्टीलचा खिळा वा बोल्ट, आणि या दोघांमध्ये पाणी अडवणारे रबरी कडे. बिघाडाचे मूळ याच तिघांच्या सहवासात आहे.

बूच नीट बसले नाही तर पंप पाण्याऐवजी वरून हवा ओढू लागतो. झोत फसफसतो, जोर कमी होतो. नौका एकदम थांबवताना वा मागे घेताना दाब उलटा आला की सैल बूच उसळून वर येते आणि कप्प्यात पाणी शिरते. म्हणून बूच सुटणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते परत घट्ट बसणेही.

गंज कशामुळे धरतो

घरातील लोखंडी कोयंडा गंजतो तो एका धातूचा गंज. बुचाच्या बाबतीत प्रकार वेगळा असतो. दोन भिन्न धातू एकमेकांना टेकलेले असतील आणि दोघांमध्ये क्षारयुक्त पाणी असेल तर त्यांची छोटीशी विद्युतघट तयार होते. त्यात जो धातू अधिक क्रियाशील तो स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. त्यातून जी पांढरी भुकटी निर्माण होते ती मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. आट्यांमधील केसाएवढी फट ती गच्च भरून टाकते. पोलादी भाग असेल तर तांबूस गंजही हेच करतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. म्हणजे बूच चिकटलेले नसते, ते आतून पाचरीने ठोकलेले असते. त्यामुळेच नुसत्या जोराने ते सुटत नाही.

या शास्त्राचा इतिहासही नौकांशीच जोडलेला आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराने लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा मारण्यास सुरुवात केली, तेव्हा तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे झपाट्याने खाल्ले जाऊ लागले. १८२४मध्ये रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे वा जस्ताचे तुकडे जोडून तांबे वाचवता येते असे दाखवले. पुढे आजच्या जस्तलेपित पत्र्यालाही हेच तत्त्व लागू झाले. मराठवाड्यातील घराघरांवर जो जस्ताचा पत्रा दिसतो, तो ओरखडा पडला तरी लगेच गंजत नाही, कारण लोखंडाच्या आधी जस्त झिजते. नौकेच्या इंजिनाला जोडलेला जस्ताचा वा मॅग्नेशियमचा ठोकळा तेच काम करतो. समुद्रात जस्त, खाडीच्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचा मिश्रधातू आणि गोड्या पाण्यात मॅग्नेशियम अशी सर्वसाधारण विभागणी आहे.

'स्टेनलेस' या नावानेही पुष्कळ गैरसमज होतात. या पोलादाला टिकवणारा क्रोमियमच्या ऑक्साईडचा अदृश्य थर हवेतील प्राणवायूवर जगतो. रबराखालच्या चिंचोळ्या फटीत, साचलेल्या पाण्यात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे थर फाटला की बारीक छिद्रे पडू लागतात. क्लोराईड असेल तर ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणून सागरी कामासाठी मॉलिब्डेनम असलेला ३१६ क्रमांकाचा प्रकार ३०४पेक्षा श्रेयस्कर मानतात.

पैनगंगेसारख्या गोड्या पाण्यात मिठाचा त्रास नाही, पण इतर दोन आहेत. पहिला पुरातला बारीक गाळ. तो फटीत बसतो, सुकतो आणि सिमेंटसारखा कडक होतो. दुसरा जड पाण्यातील चुना. दख्खनच्या बेसाल्टी प्रदेशातील अनेक विहिरी व बोअरचे पाणी जड असते. अशा पाण्याने नौका धुऊन तशीच ठेवली की भांड्यावर साचावा तसा पांढरा थर बुचावर साचतो. त्यात नौका वर्षातील दहा महिने गोदामात पडून असेल तर कडे एकाच जागी दबून कायमचे चपटे होते.

सोडवणुकीची पद्धत

सर्वप्रथम सुरक्षितता. इंजिन बंद करून किल्ली काढावी, आणीबाणीची दोरी अलग करावी, बॅटरीची तार सोडावी. पंपात हात असताना इंजिन चुकून सुरू झाले तर हाताची बोटे वाचत नाहीत. शक्य असेल तर नौका ट्रेलरवर घ्यावी. काही नौकांत बुचाची बैठक पाण्याच्या पातळीजवळ असते आणि ते निघताच पाणी वर येते. पेट्रोलची वाफ साचू नये म्हणून इंजिनाचा कप्पा उघडा ठेवावा.

दुसरी पायरी निदानाची. बूच फिरते पण वर येत नसेल तर दोष गंजाचा नसून रबराच्या चिकटण्याचा वा आतील पोकळीचा असतो. फिरतच नसेल तर कडेने काय दिसते ते पाहावे. पांढरी भुकटी ॲल्युमिनियमची, कडक पांढरा पापुद्रा चुन्याचा, तांबूस डाग लोखंडाचे, तपकिरी माती गाळाची. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

गाळ असेल तर गोड्या पाण्याच्या बारीक धारेने फट भिजवावी. बांबूच्या काडीने अथवा नायलॉनच्या ब्रशने कडा मोकळी करावी. पोलादी खिळ्याने खरवडल्यास बैठकीवर ओरखडे पडतात आणि पुढे तेथूनच पाणी झिरपते.

पांढरी भुकटी वा चुना असेल तर सौम्य आम्ल उपयोगी पडते. चिंचेने तांब्याची कळशी लख्ख होते, त्यामागे हेच रसायन आहे. स्वयंपाकघरातील साधे व्हिनेगर कापडात भिजवून अर्धा तास गुंडाळून ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि शेवटी भरपूर गोडे पाणी ओतावे. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र कदापि वापरू नये. ते ॲल्युमिनियम खाते, त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो आणि स्टेनलेस स्टीललाही छिद्रे पडतात.

त्यानंतर आट्यांत झिरपणारे तेल. या प्रकारातील सर्वपरिचित डब्ल्यूडी-४० हे द्रव्य १९५३मध्ये अमेरिकेत ॲटलास क्षेपणास्त्राचे गंजापासून रक्षण करण्यासाठी तयार झाले; चाळिसाव्या प्रयत्नात सूत्र जमले म्हणून ते नाव. तेल थोडे थोडे, दोन-तीन वेळा, आणि मध्ये रात्रभर अवधी देऊन सोडावे. लाकडी वा रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके द्यावेत. ठोक्यांच्या कंपनाने गंजाच्या कणांत भेगा पडतात आणि तेल खाली उतरते. गॅरेजमध्ये सर्रास वापरले जाणारे रॉकेल आणि डिझेल लोखंडी नटाला चालते. काही जातींचे रबर मात्र त्याने फुगते आणि बूच अधिकच आवळले जाते. ॲसिटोनमिश्रित तेल फायबरच्या चकचकीत थराला मारक ठरते.

आता फिरवण्याची वेळ. पहिला प्रयत्न सोडवण्याच्या नव्हे तर आवळण्याच्या दिशेने, अगदी किंचित करावा. त्यामुळे गंजाची पकड मोडते. मग थोडे उलट, थोडे सुलट, असे डोलवत जावे. कण आट्यांत दाटले तर पुन्हा तेल द्यावे. मुठीत लांब पाइप घालून एकाच बाजूने जोर दिल्यास मूठ मोडते. तिच्या ऐवजी गोल भागाला पट्टा-पाना लावून दोन्ही बाजूंनी समान ताण द्यावा. बूच फिरते पण निघत नसेल तर कडेने बारीक लाकडी पट्टी सरकवून आत हवा जाऊ द्यावी. पोकळी सुटली की ते सहज वर येते.

उष्णतेचा मार्ग अनेकांना मोहवतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, हे खरे. पण फायबर, रबर आणि पेट्रोल यांच्या शेजारी दिवट्या पेटवणे म्हणजे आगीशी खेळ. बैठकीभोवती गरम पाण्यात भिजवलेले फडके काही मिनिटे धरल्याने हेच प्रसरण सुरक्षितपणे साधते.

इतके करूनही बोल्ट मोडला तर काम यंत्रशाळेचे आहे. मोडलेल्या भागाच्या नेमक्या मध्यावर खूण करून भोक पाडावे लागते, उलट आट्यांच्या काढणीने तो तुकडा बाहेर घ्यावा लागतो, आणि आटे खराब झाले असल्यास तेथे पोलादी तारेचे सर्पिल वेटोळे बसवून नवे आटे तयार करता येतात. ॲल्युमिनियममध्ये असे बसवलेले आटे मूळ आट्यांपेक्षा मजबूत ठरतात.

पुनर्बांधणी

बूच हाती आले म्हणजे काम निम्मे झाले. उरलेले निम्मे काम केले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तीच झटापट करावी लागते.

सर्व भाग सुटे करून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावेत. पोलादी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि गंजाचे नवे बीज ठरतात. नायलॉनचा ब्रश वा बारीक जाळीदार घासणी पुरते. रबर बसते त्या जागेवरून नख फिरवावे. नख अडकले तर खड्डा आहे. उथळ खड्डे बारीक पॉलिश कागदाने ओल्या अवस्थेत घासता येतात; खोल खड्डे इपॉक्सीने भरून पुन्हा समतल करावे लागतात. बैठकीलाच चीर गेली असेल तर तो भाग बदलणे हाच मार्ग.

स्टेनलेस स्टीलचे भाग सायट्रिक आम्लाच्या सौम्य द्रावणात ठेवून धुतले की पृष्ठभागावरील लोखंडाचे कण निघून जातात आणि क्रोमियमचा संरक्षक थर पुन्हा धरतो. उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमला योग्य प्रायमर आणि रंग द्यावा.

रबरी कडे दरवेळी नवेच घालावे. त्याची किंमत संपूर्ण दुरुस्तीच्या तुलनेत नगण्य असते. जुने कडे दिसायला धड असले तरी चपटे झालेले असते. नव्या कड्याला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. गाडीचे साधे पिवळे ग्रीस सर्व रबरांना मानवत नाही. जेथे पोलाद ॲल्युमिनियमला टेकते तेथे नायलॉनचे वायसर घालावे. आट्यांवर जाम न होऊ देणारा लेप लावावा, परंतु तांब्याची भुकटी असलेला नव्हे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की विद्युतघट पूर्वीपेक्षा तीव्र होते. जस्तयुक्त लेप येथे योग्य.

शेवटी चाचणी. बूच बसवून नळीत वरून पाणी भरावे आणि पंधरा मिनिटे पातळी पाहावी. मग नौका पाण्यात उतरवून इंजिन मंद गतीवर ठेवावे. फेरे वाढूनही जोर मिळत नसेल आणि बुचाभोवती बुडबुडे दिसत असतील तर हवा शिरते आहे. दोन बुचे असतील तर त्यांची अदलाबदल करू नये. प्रत्येकाची आपापल्या बैठकीशी जुळणी झालेली असते.

बचावनौकांसाठी धडा

मराठवाड्यातील शोध आणि बचावकार्यात बहुधा रबरी वा फायबरच्या नौका आणि मागे टांगलेली आऊटबोर्ड मोटार वापरली जाते. त्यात सफाईचे बूच नसले तरी त्याची भावंडे असतात : तळातील पाणी सोडण्याचे बूच, मोटारीच्या गिअरपेटीचे तेल भरण्याचे आणि काढण्याचे दोन स्क्रू, थंड पाण्याची वाट धुण्याचे तोंड. तेथेही पोलाद आणि ॲल्युमिनियम यांचीच गाठ असते आणि वर सांगितलेली पद्धत जशीच्या तशी लागू पडते.

हे काम किती निकडीचे आहे, याची उदाहरणे दूरची नाहीत. जुलै २०२३मध्ये पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावर लोक पुराने वेढले गेले, तेव्हा हवाई दलाची मदत मागवावी लागली. ऑगस्ट २०२५मध्ये नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातील रावणगाव, हसनाळ परिसरात रात्रीतून पाणी चढले आणि बचावासाठी लष्कराला पाचारण करण्यात आले. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धुळे आणि नागपूर येथे, तर राष्ट्रीय दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ. किनवटसारख्या टोकाच्या तालुक्यापर्यंत पोहोचायला त्यांना वेळ लागणारच. तोवर मदार असते ती स्थानिक नौकेवर. ती वर्षातून एखाद-दोन दिवसच लागते; पण लागते तेव्हा पाना शोधायला, तेल मुरण्याची वाट पाहायला सवड नसते.

म्हणूनच या बुचांची तपासणी पुराच्या वेळी नव्हे, मे महिन्यात व्हायला हवी. मॉन्सूनपूर्व तयारीत नौका पाण्यात उतरवून पाहण्याबरोबरच प्रत्येक बूच एकदा काढावे, पुसावे, ग्रीस लावून परत बसवावे. पावसाळा सरल्यावर गोड्या, शक्यतो मऊ पाण्याने पंप धुऊन, बुचे सैल करून मगच नौका गोदामात ठेवावी. कड्यावरचा दाब गेला की ते चपटे होत नाही आणि फटीत हवा खेळली की गंजाला थारा मिळत नाही. सैल ठेवलेले बूच विसरून नौका पाण्यात उतरू नये, म्हणून सुकाणूच्या चाकाला वा मोटारीच्या दांडीला तशी चिठ्ठी बांधावी. कडे कोणत्या तारखेला बदलले, जस्ताचा वा मॅग्नेशियमचा ठोकळा किती झिजला, सुटी कडी कोठे ठेवली आहेत, याची नोंद नौकेसोबत असावी. ठोकळा निम्मा झिजला की बदलावा. तो मुळीच झिजत नसेल तर समाधान मानू नये. त्याचा धातूशी संपर्क तुटला आहे आणि त्याच्या वाट्याची झीज दुसरा कोणता तरी भाग सोसतो आहे, असे समजावे.